बांधावरची अँबॅसेडर, परसातली प्रिया: पडीक गाड्यांच्या छायाचित्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

पडीक गाड्यांचे फोटो कसे काढावेत, याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतले लेन्सचे आकडे फुल-फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याच्या हिशोबाने आहेत. त्याहून लहान सेन्सरचा एपीएस-सी कॅमेरा असेल तर त्या आकड्याला दीडने भागा, म्हणजे ५० मिलिमीटरच्या जागी ३३-३५ची लेन्स चालेल.

शेताच्या बांधावर पुष्कळ वर्षं उभी असलेली एक अँबॅसेडर आहे. मोबाइलवर फोटो काढला की तिचं नाक फुगलेलं दिसतं आणि डिकीकडचा भाग अगदी बारका. शिवाय सगळं पांढरट येतं. चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?
– एक वाचक, बार्शी

कॅमेरा राहू द्या, आधी मागे सरका. मोबाइलची मुख्य लेन्स २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपासची असते. तिच्यात गाडी सहज मावते, म्हणून आपण नकळत जवळ जातो. समोरचा दिवा ८ फुटांवर आणि मागचा बंपर २० फुटांवर असेल, तर सारख्या मापाच्या वस्तूंत अडीच पटींचा फरक दिसतो. तुमच्या गाडीचं नाक फुगतं ते यामुळे. तीच गाडी २४ फुटांवरून घेतली तर मागचा बंपर ३६ फुटांवर येतो आणि फरक दीड पटीवर उतरतो. तेव्हा मोबाइलवर २एक्स निवडा. ०.५एक्सची अतिरुंद लेन्स या कामात विसरून जा.

अँबॅसेडर साधारण १४ फुटांची. ती आडवी घेऊन चौकटीची ७० टक्के रुंदी भरायची असेल, तर २४ मिलिमीटरने १३-१४ फुटांवर, ५०ने २८ फुटांवर आणि ८५ने ४७-४८ फुटांवर उभं राहावं लागतं. मागे सरकायला जागा नसेल, बाभळी किंवा विहीर आड येत असेल, तर पूर्ण गाडीचा हट्ट सोडा. अर्धी गाडी नीट आलेली बरी.

उंचीही महत्त्वाची. उभ्याने काढलेल्या फोटोत टप आणि बोनेटच जास्त दिसतं, गाडी जमिनीत खचल्यासारखी वाटते. मोटारीसाठी कॅमेरा दिव्यांच्या पातळीवर, म्हणजे सव्वादोन-अडीच फुटांवर आणा. ट्रकसाठी छातीची उंची ठीक असते, स्कूटरसाठी दीड फूट. चाकं मातीत रुतलेली असतील तर तेवढ्या फोटोपुरतं आणखी खाली बसा.

पांढरटपणाची पहिली शंका लेन्सवरच्या बोटांच्या ठशांवर घ्या, धुतलेल्या सुती कापडाने पुसा. दुसरी शंका वेळेवर. दुपारी १२ला टपावरचं ऊन आणि चाकाखालची सावली यांत एवढं अंतर असतं, की मोबाइल दोन्ही सावरायला जातो आणि सगळं सपाट करून ठेवतो. सीन ऑप्टिमायझर किंवा एआयच्या नावाची जी काही सोय असेल ती बंद करा, एक्स्पोजर पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली घ्या आणि सकाळी जा.

सकाळी म्हणजे केव्हा, हे गाडीचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. मोबाइलमधलं होकायंत्र लावून ते आधी पाहून ठेवा. गाडीचं तोंड उत्तरेला असेल, तर ऑक्टोबर ते मार्चअखेर तिच्या जाळीवर थेट ऊन पडतच नाही. एप्रिल ते ऑगस्टमध्ये सूर्य उत्तरेकडून उगवतो-मावळतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन मिळतं. त्यातला निम्मा काळ पावसाचा, त्यामुळे एप्रिल-मे हाच खरा हंगाम. दक्षिणमुखी गाडीचं याच्या उलट, डिसेंबर-जानेवारी तिचा. पूर्वमुखी गाडीला सकाळचं ऊन सरळ तोंडावर बसतं. पत्र्याचा पोत दिसायला ते बाजूने घासून यायला हवं, म्हणून तिथे फोटोत गाडीची कडेची बाजू घ्या. आपल्या अक्षांशावर सूर्य भराभर वर चढतो. कामाचं कोवळं ऊन जेमतेम ४० मिनिटं असतं, आणि ट्रायपॉड लावण्यात त्यातली १० जातात.

गंजाचा रंग कधी टोमॅटो सॉससारखा भडक येतो, कधी नुसता मातकट. खरा रंग कसा पकडायचा?
– एक वाचक, नाशिक

भडक रंग बहुतेक वेळा मागून आपणच केलेला असतो. त्याची सुरुवात मात्र कॅमेऱ्यात होते. चौकट नारिंगी-तपकिरी रंगाने भरली की ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाचा रंग ओळखून फोटोचे रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीला) वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो निळसर दुरुस्ती करतो. गंज मातकट होतो. मग घरी येऊन आपण सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ओढतो आणि सॉस तयार होतो. व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा: स्वच्छ उन्हात ५२०० ते ५५०० केल्विन, ढगाळ हवेत ६००० ते ६५००, झाडाच्या सावलीत ७०००च्या पुढे. पहिल्या फोटोत एक ग्रे कार्ड (रंग जुळवायचा राखाडी पुठ्ठा) धरलंत तर पुढचा सगळा वाद मिटतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा. नंतर रंग गडद करायचाच असेल तर सॅच्युरेशनला हात न लावता फक्त नारिंगी रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणा) १०-१५ने खाली घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळा गंज एका रंगाचा नसतो. नवा गंज नारिंगी आणि भुकटीसारखा, जुना काळपट तपकिरी आणि पापुद्र्यांचा. ओला झाला की दोन्ही गडद होतात आणि त्यांच्यातला फरक उठून दिसतो. म्हणून काही जण नर्सरीतला अर्धा लिटरचा फवारा घेऊन जातात. मालकाला विचारून, आधीच गंजलेल्या बाहेरच्या पत्र्यावर मारायला हरकत नाही. डॅशबोर्ड, सीट, तारा यांच्यावर नको. उन्हात त्याचा परिणाम काही मिनिटांत उडतो. आमच्या मते डिसेंबर-जानेवारीत पहाटे जावं. दव पत्र्यावर जेवढं समान बसतं तेवढा फवारा कधीच बसत नाही, फवाऱ्याचे ओघळ फोटोत ओळखू येतात.

लेन्सवर लावायच्या पोलरायझर फिल्टरबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. काचेवरची आणि रंगावरची चकाकी तो मारतो, उघड्या धातूवरची मारत नाही. त्यामुळे क्रोमच्या बंपरवर फिरवत बसू नका. काचेसमोर अगदी सरळ उभं राहिलात तरी उपयोग शून्य. काचेच्या पातळीशी साधारण ३५ अंशांचा कोन झाला की तो सर्वांत चांगलं काम करतो. दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून ट्रायपॉड हवा. २४ मिलिमीटरपेक्षा रुंद लेन्सवर आकाश एका बाजूला काळंनिळं आणि दुसऱ्या बाजूला फिकट येतं. आणि बाजूच्या टफन काचांवर इंद्रधनुषी डाग दिसू लागले तर फिल्टर बिघडलेला नाही. काच कडक करताना तिच्यात राहिलेला ताण पोलरायझरमधून दिसतो. तिथे फिल्टर काढून टाका.

कोकणात पावसाळ्यात वेलींनी झाकलेली जीप फार सुंदर दिसते, फोटोत मात्र हिरव्याचा नुसता गोळा येतो. आणि उन्हाळ्यात गंज आणि जांभा एकाच रंगाचे, गाडी जमिनीतून वेगळीच दिसत नाही.
– एक वाचक, कुडाळ

देशावर आधी रंग मरतो, कोकणात आधी पत्रा मरतो. सोलापूरकडच्या कोरड्या हवेत पत्रा वर्षानुवर्षं टिकतो आणि रंग उन्हाने फिका होत जातो, लालाचा गुलाबी, निळ्याचा राखाडी. खाऱ्या, दमट हवेत मडगार्डच्या कडा आणि दाराखालची पट्टी यांना भोकं पडतात, कारण चिखल आणि पाणी तिथेच साठून राहतं. म्हणून कोकणातल्या गाडीत रंग शोधण्यापेक्षा आकार शोधावा. भोकातून आलेला गारवेलीचा कोंब किंवा टपाला धरून उगवलेलं पिंपळाचं रोप हा तुमचा विषय.

हिरव्याचा गोळा होतो, कारण वेलीची पानं आणि गंज यांचा उजेड जवळजवळ सारखाच असतो, फरक फक्त रंगात असतो. तेव्हा तीन गोष्टी करा. एक, ऐन जुलैत न जाता जूनच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जा. वेल निम्मा चढलेला असतो आणि जीपच्या जाळीचे दांडे अजून मोजता येतात. दुसरी संधी ऑक्टोबर, वेल पिवळा पडायला लागला की. दोन, पानांवरची चकाकी पोलरायझरने काढा. ओल्या पानांवरचा पांढरा तवंग गेला की खालचा हिरवा गडद होतो आणि गंज पुढे येतो. तीन, दिवे, आरसा, स्टेअरिंग यांपैकी एक तरी गोल आकार मोकळा दिसेल अशी जागा निवडा. वेली कापू मात्र नका. कापलेलं देठ फोटोत दिसतं, आणि त्या वेलीत कुणाचं घरटं आहे हे तुम्हाला बाहेरून कळत नाही.

जांभ्याचा प्रश्न पाऊस सोडवतो. ऑगस्टमध्ये सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) गवत येतं आणि लाल जमीन झाकली जाते. उन्हाळ्यातच काढायचं असेल तर खाली बसून गाडी आकाशावर घ्या. नाहीतर कृष्णधवल करा. तिथे रंगांवर ताबा मिळतो: निळ्या फिल्टरने गंज काळा पडतो, लाल किंवा नारिंगीने उजळतो, हिरव्याने पानं उजळून गंज दबतो. हे सगळं सॉफ्टवेअरमधल्या रंगांच्या स्लायडरवर करता येतं. फक्त ‘ब्लॅक अँड व्हाइट’चं बटण दाबून सोडलंत, तर पानं आणि गंज पुन्हा एकाच राखाडीत बुडतील.

फियाटच्या आतला भाग, म्हणजे डॅशबोर्ड, स्टेअरिंग, फाटलेली सीट, कसा घ्यावा? आत काळोख आणि काचेबाहेर पांढराशुभ्र उजेड येतो.
– एक वाचक, अमरावती

हा या विषयातला सगळ्यांत अवघड भाग आहे, आणि तो जमला की बाहेरून काढलेले पन्नास फोटो फिके पडतात.

आतल्या सीटखालच्या काळोखात आणि बाहेरच्या उन्हातल्या मातीत सहज ७-८ स्टॉपचा फरक असतो. सगळ्यांत स्वस्त इलाज वेळेचा: सूर्य उगवण्याच्या १०-१५ मिनिटं आधी किंवा मावळल्यानंतर तेवढ्याच वेळात हा फरक निम्म्यावर येतो. दुसरा इलाज म्हणजे पांढरी चादर. ज्या बाजूने तुम्ही फोटो काढताय तिकडच्या मागच्या दारापाशी चादर किंवा २ बाय २ फुटांचा थर्माकोल उन्हात धरा. आत मऊ उजेड फेकला जातो आणि डॅशबोर्ड एक-दीड स्टॉपने उचलला जातो. फ्लॅश सरळ मारू नका. धूळ पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटते आणि स्पीडोमीटरच्या काचेवर तारा दिसतो. मारायचाच तर त्याच चादरीवर, पाव ताकदीने.

तरीही फरक उरला तर ब्रॅकेटिंग, म्हणजे तेच दृश्य कमी-जास्त उजेडाने अनेकदा टिपून नंतर जोडणं. ट्रायपॉड लावा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स हाताने. एकेक स्टॉपच्या अंतराने ५ फोटो किंवा दोन-दोनच्या अंतराने ३. शटरचा वेळ बदला, ॲपर्चर नाही, नाहीतर प्रत्येक फोटोत फोकसची खोली वेगळी येईल. जोडताना एचडीआर सॉफ्टवेअरने स्वतःहून दिलेला परिणाम घेऊ नका. खिडकीच्या कडेला पांढरी प्रभावळ आणि पत्र्यावर वाळूसारखा खरखरीतपणा येतो, त्यावरून असे फोटो लांबूनच ओळखू येतात. मधला फोटो पाया धरा आणि खिडकीपुरता भाग काळ्या फोटोतून घ्या. बाहेरचं दृश्य आतल्यापेक्षा थोडं उजळ राहू द्या. डोळ्यालाही ते तसंच दिसतं.

गाडी कुलूपबंद असेल तर काच फोडायची नाही, दार ओढायचं नाही. लेन्सच्या तोंडाला बसणारं रबरी हूड काचेला चिकटवा, भोवती काळं कापड धरा, प्रतिबिंब जाईल. काचेवरच्या धुळीने फोटो धूसर येत असेल तर मालकाला विचारून ओल्या फडक्याने तळहाताएवढीच जागा पुसा, तीही फोटोत न येणाऱ्या बाजूला. धूळ हाही विषयाचा भाग आहे.

बोधचिन्ह किंवा स्पीडोमीटरचे आकडे जवळून घ्यायचे असतील तर एका फोटोत सगळं स्पष्ट येत नाही. एफ १६ किंवा २२ला नेलंत तर विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. एफ ८ ठेवा आणि जवळच्या कडेपासून लांबच्या कडेपर्यंत फोकस थोडाथोडा सरकवत ८-१० फोटो घेऊन जोडा. मध्ये गवताची काडी हलत असेल तर ती जोडलेल्या फोटोत तीनदा दिसेल, म्हणून आधी चौकट तपासा.

फोटोखाली गाडीचं मॉडेल आणि साल लिहायचं असतं. ओळखायचं कसं?
– एक वाचक, पुणे

अँबॅसेडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला १९५८ ते २०१४ बनली, मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका. पुढची जाळी हा पहिला पुरावा. बारीक चौकडीची असेल तर १९६२ची मार्क २, आडव्या रुंद पट्ट्यांची असेल तर १९७५ची मार्क ३, आणि लहान चौकोनी जाळी व बाजूला वेगळे इंडिकेटर असतील तर १९७९ची मार्क ४. पण जाळी ही गॅरेजमध्ये सर्रास बदलली जाणारी वस्तू आहे. जुन्या बोनेटवर नवी जाळी बसवलेल्या गाड्या कितीतरी सापडतील. फियाटमध्ये ११०० डिलाइट, मग १९७२ची प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४पासून प्रीमियर पद्मिनी हा क्रम लक्षात ठेवा. ट्रकवर तीन टोकांचा तारा असेल तर तो टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइम्लर-बेंझ यांच्या १९५४ ते १९६९च्या कराराच्या काळातला. त्यानंतर ‘टी’ आला.

नंबरपाटी दुसरा पुरावा. ‘एमएच’ आणि लगेच दोन आकडे असलेल्या पाट्या १९८९पासूनच्या. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असत. अक्षरं पुसट असतील तर टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, उठाव वाचता येतो. बोनेट उघडं असेल तर आतल्या पत्र्यावर कंपनीची पट्टी शोधा. पुरावे जुळले नाहीत तर साल लिहू नका, ‘मार्क ३ची जाळी असलेली अँबॅसेडर’ एवढं लिहिलं तरी पुरे.

पोलीस ठाण्याच्या आवारात जप्त गाड्यांचे ढीग आहेत, एसटी आगारात मोडीत काढलेल्या बस आहेत. परवानगी लागते का? आणि शेतातल्या गाडीसाठी?
– दोन वाचक, परभणी आणि सांगली

तिन्ही ठिकाणी लागते, पद्धत वेगळी. ठाण्यातल्या गाड्या हा मुद्देमाल असतो, खटला चालू असतो. ठाणे अंमलदाराशी बोलून थांबू नका, निरीक्षकांना लेखी अर्ज द्या. परवानगी मिळाली तरी कशालाही हात लावायचा नाही, आणि गुन्हा क्रमांकाच्या चिठ्ठ्या व पाट्या फोटोत वाचता येता कामा नयेत. एसटीसाठी आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करा. अर्जात तारीख, वेळ, किती माणसं, ट्रायपॉड आहे का, फोटो कशासाठी, हे पाच मुद्दे असले की उत्तर लवकर येतं. मोडीतल्या बस लिलावात गेल्या की एका दिवसात उचलल्या जातात, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नका. एसटीबाबत एक तांत्रिक सूचना: जुन्या लाल डब्याचा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्याला लाल गंज चढत नाही. गंज दिसेल तो चासी, रिम आणि लोखंडी जाळ्यांवर. बाहेर मात्र रंग भुकटी होऊन हाताला लागतो, आणि पोपडे गेलेल्या जागी राखाडी धातू दिसतो. लाल, गुलाबी आणि राखाडी एवढ्या तीनच रंगांवर फोटो उभा करा.

शेतात मालकाला शोधा, शेजाऱ्याची परवानगी चालत नाही. गाडी कुणाच्या तरी वडिलांची असते आणि तिच्यामागे कर्ज, अपघात किंवा भावकीची वाटणी असू शकते. ‘भंगार’ हा शब्द तोंडातून काढू नका. ‘काका, गाडी कुठल्या सालची?’ असं विचारलंत तर अर्धी माहिती मिळून जाते, बरेचदा चहासकट. नंबरावरून मालक शोधता येतो, म्हणून प्रसिद्ध करताना पाटी झाकावी का हे त्यांनाच विचारा. नंतर एक प्रिंट पाठवा. मोबाइलवरचा फोटो नव्हे, ८ बाय १२चा कागदावरचा.

अशा जागी साप असतात का?
– एक वाचक, रत्नागिरी

असतात. घोणस, नाग, मण्यार, आणि तुमच्याकडे मुख्यतः फुरसं. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, जाड पँट, हातात काठी. गाडीजवळ जाण्याआधी जमीन चार-पाच वेळा ठोका आणि अर्धा मिनिट थांबा. सीटखाली, चाकामागे, डिकीत, ग्लोव्ह बॉक्समध्ये न बघता हात घालायचा नाही. हिवाळ्यात सकाळी साप बोनेटवर ऊन खात पडलेला असू शकतो. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांपैकी काहीही करू नका. तो अवयव स्थिर ठेवा, १०८ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

सापापेक्षा जास्त वेळा त्रास देतात त्या गांधीलमाश्या. बोनेटच्या बिजागरीत, दाराच्या पोकळीत आणि दिव्याच्या खोबणीत त्यांची पोळी असतात, म्हणून दार उघडण्याआधी दोन मिनिटं ये-जा पाहा. डिसेंबर-जानेवारीत वेलींमध्ये खाजकुयली सुकलेली असते. तिची कुसं लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा आणि मग धुवा. पत्र्याने कापलं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला ५ वर्षं उलटून गेली असतील तर त्याच दिवशी घ्या. दगडांवर उभ्या केलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, टपावर चढायचं नाही, आतल्या तळपत्र्यावर पाय ठेवायचा नाही. रंगाखालचा पत्रा शाबूत आहे की नाही हे वरून कळत नाही.

रात्री, चांदण्यात फोटो काढायचा आहे. टॉर्चने गाडी उजळायची कशी?
– एक वाचक, सातारा

पौर्णिमेच्या आगेमागे दोन दिवस, चंद्र तुमच्या पाठीशी पण एका बाजूला, ३० ते ४५ अंश वर असताना. एफ ४, आयएसओ ४००, १५ सेकंद इथून सुरुवात करा. तारे हवे असतील तर अमावास्येच्या आसपास जा: ५००ला लेन्सच्या २४ मिलिमीटरने भागलं की साधारण २० सेकंदांची मर्यादा मिळते, त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा होतात. एफ २.८, आयएसओ ३२००.

टॉर्च ३०० लुमेनचा पुष्कळ झाला. कॅमेऱ्याच्या जागेवरून मारलात तर गाडी पोस्टरसारखी सपाट दिसेल. कडेला, कॅमेऱ्याशी काटकोनात, १० फुटांवर उभे राहा, टॉर्च सतत हलता ठेवा आणि एका बाजूला ५ ते ८ सेकंदच द्या. आतल्या उजेडासाठी सीटवर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर टॉर्च मारा, पिवळसर मऊ उजेड येतो. फोकस आधी बोधचिन्हावर टॉर्च टाकून घ्या, मग मॅन्युअल करून टेपने रिंग चिकटवा. दर १५ मिनिटांनी लेन्सवर दव पाहा. सगळी रात्र धूसर फोटो येण्याचं कारण बहुधा तेच असतं.

जाण्याआधी पोलीस पाटलांना सांगून ठेवा. रात्री रानात हलणारा टॉर्च म्हणजे गावाच्या दृष्टीने चोर, आणि कुत्री कुणाचं ऐकत नाहीत.

घराच्या परसात आजोबांची प्रिया स्कूटर भिंतीला टेकवून ठेवली आहे. ती एवढीशी, फोटोत हरवून जाते.
– एक वाचक, कराड

साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली गाडी घरापासून ३०-३५ मैलांच्या आत येऊन थांबली आहे, हीच तुमच्या फोटोची गोष्ट. स्कूटर मोठी करायला जाऊ नका, भिंतीला विषय करा. ३५ मिलिमीटर, कॅमेरा दीड-दोन फुटांवर, भिंतीला अगदी समांतर. समांतर नसेल तर विटांच्या रेषा तिरक्या पडतील आणि सगळं लक्ष तिकडे जाईल. स्कूटर चौकटीच्या एका तृतीयांशात, उरलेल्या जागेत चुन्याचे पोपडे, धुणं वाळायची दोरी, जे असेल ते राहू द्या. फक्त प्लॅस्टिकची निळी बादली तेवढी उचला. तिच्याकडे डोळा आधी जातो.

अशा गाड्या कुठे सापडतील? पत्ते छापाल का?
– अनेक वाचक

पत्ते छापणार नाही. छापले की महिन्याभरात बोधचिन्हं आणि आरसे गायब होतात. बायपास झाल्यावर ओस पडलेल्या जुन्या हमरस्त्यावरची गॅरेजं, बंद जिनिंग मिल आणि साखर कारखान्यांची वाहनतळं, पिठाच्या गिरणीमागची जागा, विहिरीजवळचे गोठे इथे पाहा. तालुक्याच्या गावातल्या सर्वांत वयस्कर मिस्त्रीला विचारा, त्याला प्रत्येक गाडी कुठे थांबली ते माहीत असतं.

एकाच गाडीचे वर्षभर फोटो काढायचे ठरवलं आहे. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, लातूर

कल्पना उत्तम. एका फोटोपेक्षा सहा फोटो जास्त सांगतात: मार्चमधली भेगाळलेली जमीन, जूनचा चिखल, सप्टेंबरमध्ये टपापर्यंत आलेलं गवत, नोव्हेंबरमध्ये शेजारी रचलेला कडबा. पण ते एकावर एक बसले पाहिजेत. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली तीन मोठे दगड अर्धे पुरून ठेवा. लाकडी खुंट्या नांगरटीत किंवा चुलीत जातात. लेन्स, लेन्सची उंची, गाडीच्या पुढच्या चाकापासूनचं अंतर आणि होकायंत्राचा अंश वहीत लिहा. झूम लेन्सवर २४ किंवा ७० अशा टोकाच्या आकड्यालाच काढा, मधला आकडा पुन्हा हुबेहूब मिळत नाही. चौकटीच्या दोन कोपऱ्यांत न हलणाऱ्या खुणा ठेवा, विजेचा खांब किंवा विहिरीचा कठडा. झाडाची फांदी नको. पहिला फोटो मोबाइलमध्ये ठेवून दर वेळी तो समोर धरून जुळवा. गेल्या खेपेपेक्षा आरसा वेगळ्या कोनात वळलेला दिसला, तर तो सरळ करू नका.